मीटरमामांचा गुडघा

कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारण्याचं काम एकोणतीस वर्षं मीटरमामांकडे होतं. या काळात पाच प्राचार्य आले आणि गेले, पण मैदानात टेप काही आली नाही. मामांचं एक पाऊल म्हणजे एक मीटर, हे इतकं सर्वमान्य होतं की भौतिकशास्त्र विभागानंही कधी हरकत घेतली नव्हती. गोलकडे पाठ करायची, अकरा पावलं टाकायची आणि तिथं पेनल्टीचा पांढरा ठिपका उमटवायचा. झालं.

गेल्या हंगामात मामांचा उजवा गुडघा बिघडला. मामींना हे माहीत होतं, कारण जिना उतरताना मामा प्रत्येक पायरीला वेगळी शिवी देत. कॉलेजात मात्र हे कळून चालणार नव्हतं. रेषा मारायचं नवं यंत्र स्टोअरमध्ये खोक्यासकट येऊन पडलं होतं आणि मामांनी त्यावर जुनी जाळी टाकून ठेवली होती. पाय गेल्याचं कळलं की जाळी निघणार आणि मामांची रवानगी जिमखान्याच्या दारातल्या स्टुलावर होणार.

"तिथं काय करू मी? येणाऱ्याला या म्हणू, जाणाऱ्याला जा म्हणू?"

"घरी तेवढंही म्हणत नाही तुम्ही," मामी म्हणाल्या.

लंगडणं दिसू नये म्हणून मामा पाऊल आखूड टाकू लागले. अकरा पावलांचे दहाच मीटर भरू लागले. प्रेक्षकांच्या पायऱ्यांचं बांधकाम चालू असल्यानं त्या वर्षी सगळे सामने परक्या मैदानांवर होते. इथं फक्त सराव चाले, त्यामुळे मोजायला कुणी फिरकलं नाही.

संघाचा गोलकीपर चेंडू जाळीत विसावल्यावर सूर मारण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्याच्यावर रोज चाळीस पेनल्ट्या मारल्या जात.

"सर, चेंडू फार लवकर येतो हो," तो कुरकुरला.

"चेंडू वेळेवर येतो. तू उशिरा जातोस," कोच सर म्हणाले.

वर्षभर हाच संवाद झाला. मग संघ कसाबसा फायनलला पोचला. तिथलं मैदान टेपनं मोजलेलं होतं. सामना शून्य-शून्य राहिला, पेनल्ट्या लागल्या आणि गोलकीपरनं लागोपाठ तीन अडवल्या. वार्ताहरानं रहस्य विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आज चेंडू सावकाश येत होता." हा विनय समजून छापण्यात आला. सरांनी मनाच्या कणखरपणावर चार व्याख्यानं दिली. चषकाबरोबरच्या फोटोत मामा अगदी कडेला, सगळा भार डाव्या पायावर टाकून उभे आहेत.

पंधरा दिवसांनी हरलेल्या संघाचा कोच आमचं मैदान बघायला आला. त्याच्या खिशात टेप होती.

"दहा मीटर तीन सेंटिमीटर," तो ठिपक्यापाशी उकिडवा बसून म्हणाला.

शेजारी उभ्या मामांना ते स्टूल दिसू लागलं.

"पद्धत आहे आमची," सर डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. "सराव दहावरून, सामना अकरावरून."

पाहुण्यानं ते वहीत लिहून घेतलं.

तो गेल्यावर सर वळले. "मामा, हे काय आहे?"

मामांनी पँट वर केली. "गुडघा आहे, सर. सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, पाऊल अगदी पहिल्यासारखं पडेल."

"पहिल्यासारखं?" सरांचा चेहरा पडला.

त्याच संध्याकाळी सर मामांच्या घरी आले. एवढा एक हंगाम ऑपरेशन पुढं ढकलता आलं तर यंत्र परत पाठवून देतो, म्हणाले. मामांनी मामींकडे पाहिलंसुद्धा नाही. "ढकलू की," ते म्हणाले.

मामी चहा घेऊन आल्या. "अहो, पण टेपनं दहा मोजून ठिपका मारला तर नाही का चालणार?"

इतका वेळ हे कुणालाच सुचलं नव्हतं, आणि आता सुचून कुणाचाच फायदा नव्हता: मामांचं काम जाणार होतं आणि सरांच्या पद्धतीचा रुबाब.

"पद्धत अशी टेपनं येत नाही, वहिनी," सर शेवटी म्हणाले.

"नसेल येत. मग उद्यापासून यांना जिना तुम्ही उतरवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खरंच हजर झाले. मामांचा दंड धरून त्यांनी त्यांना एकेक पायरी खाली आणलं. मामा ओठ घट्ट मिटून होते. सरांसमोर शिव्या देणं त्यांना बरं वाटेना, आणि पायऱ्या होत्या बावीस.