आधी पोराचा फोटू आणा

तासगावच्या आठवडी बाजारात मी मिरच्यांच्या पोत्यांआड उभा राहून शिंका दाबत होतो. पोटाशी कॅमेरा. तेव्हाचा आमचा कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. समोरच्याला वाटतं, हा बाबा उगाच मान खाली घालून उभा आहे. चोरून फोटो काढायला याहून सोयीचं यंत्र नाही.

काम दिलं होतं साताऱ्याकडच्या एका ऊसवाल्या आबांनी. मुलगा फौजेत, सुट्टीवर यायचा होता. त्याच्यासाठी एका मध्यस्थाने तासगावची शालन सुचवली होती. माझा सांगलीत स्टुडिओ होता, पण आबांना स्टुडिओतला फोटो नको होता. "तुमी लोक रिटचिंग करता," ते म्हणाले. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून देवीचे व्रण बुजवणं. करायचोच आम्ही. तेव्हा फोटो गुपचूप काढायचा, पसंत पडला तरच बोलणी करायची. नाही पडला तर मुलीला कळणारसुद्धा नाही. मला हा बेत झकास वाटला.

मध्यस्थाने लांबून शालन दाखवली आणि तो सटकला. ती आईबरोबर वांगी निवडत होती. मी एक क्लिक केलं. दुसऱ्यासाठी काचेत बघतो तर ती गायब. माझ्या शेजारी उभी होती.

"कवाधरनं पोटाकडं बघताय. दुखतंय का?"

थाप मारणार तोच शिंकेने गाठलं. शिंकून झाल्यावर थाप आठवेना. सगळं खरं सांगून टाकलं. तिने आरडाओरडा केला असता तर बाजाराने मला तुडवलं असतं. पण ती हळूच म्हणाली, "आन् जमलं न्हाई, तर माझा फोटू तुमच्या तिकडं कुणाकुणाच्या खिशात फिरंल? उद्या दुसरं स्थळ आलं, तर त्यास्नी मी काय सांगू?"

याचा विचार आबांनी केला नव्हता आणि मीही नाही. मला खरंच लाज वाटली.

"आता आधी पोराचा फोटू आणा," ती म्हणाली. "असाच, त्याला न सांगता. तो मी बघीन, मग माझा द्या."

आबा उखडले. पोरगा काय बघायचा असतो? पण शालनचा फोटो माझ्याकडे होता आणि अट पाळल्याशिवाय मी तो देणार नव्हतो, त्यामुळे पोरगा कधी उतरणार ते त्यांनी सांगितलं.

मुलगा साताऱ्याच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उतरला. मी क्लिक करतो तोच तो झेपावला आणि माझी कॉलर त्याच्या मुठीत गेली. कुणाला विचारून काढला, एवढंच तो विचारत राहिला. मी आबांपासून शालनपर्यंत सगळं सांगितलं. पकड ढिली झाली. सुटकेसाठी मी शालनच्या फोटोचं पाकीट पुढे केलं, निगेटिव्हसकट. त्याने ते घेतलं, पण उघडलं नाही.

"माझा काढला तर मला एवढा राग आला. तिचा तर भरल्या बाजारात काढलाय तुमी."

दुसऱ्याच दिवशी तो तासगावला गेला आणि पाकीट तसंच बंद तिच्या हातात दिलं. त्याचा फोटो मी मागाहून तिला पाठवला. डोळे वटारलेले, हात कॅमेऱ्यावर झेपावलेला. शालन लय हसली म्हणे. लग्न ठरलं.

तेव्हापासून मी आधी विचारतो. विचारलं की माणसं लाकडासारखी ताठ होतात आणि फोटो बिघडतो. पण कॉलर शाबूत राहते.

लग्नाची पत्रिका मला आली. सोबत शालनचा निरोप होता: जेवायला नक्की या, कॅमेरा सांगलीतच ठेवा.