वरून टाकलेला नारळ

नारळ हातात दिला नाही. वरून टाकला.

गिरगावातल्या एका वाडीत मंडप घातला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावरच्या गोळीबारात गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार. माझा दादा त्यातला एक. एकोणीस वर्षांचा, परळच्या गिरणीत बदली कामगार. मी सोळाची. बाबांची गिरणीत पाळी होती, म्हणून आईला घेऊन मीच गेले.

आमच्या आधी एका वहिनींचा सत्कार झाला. सत्कार करणाऱ्या बाई बड्या घरच्या, नाकात मोत्यांची नथ. त्यांनी नारळ वहिनींच्या ओंजळीत ठेवला, वर आपला हात ठेवला, म्हणाल्या, "घ्या हो. धीर धरा." मग आमचं नाव पुकारलं. आडनावावरून त्यांना कळायचं ते कळलं. आईला म्हणाल्या, "पदर धर गं."

आई त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी.

आणि आईने पदर धरला. मला छळतं ते हेच. गावी रत्नागिरीकडे दाराबाहेर उभं राहून तिने सगळं असंच घेतलं होतं. शिळी भाकरी, जुनेर, मीठ. कुणी 'धर' म्हटलं की पदर आपोआप पसरायचा. खोटं कशाला सांगू, माझाही हात पदराकडे गेला होता. मुंबईत जन्मलेली मी, सातवी पास झालेली.

नारळ हातभर उंचीवरून सुटला. पदराच्या काठाला लागून घरंगळला आणि मंचाच्या फळ्यांवर आपटला. खाली लोक दादाच्या नावाने घोषणा देत होते. आई वाकून खुर्च्यांखाली नारळ शोधत होती.

दादा निघताना म्हणाला होता, "मोर्च्यात कोन जात इचारत नाय गं, बाय. खांद्याला खांदा लावून चालतात." त्याचा तो हसरा चेहरा समोर आला आणि माझं डोकं फिरलं. आईच्या आधी मी नारळ उचलला. टेबलावर ठेवला. म्हणाले, "हातात द्या."

बाईंनी नारळाला हात लावला नाही. मागून एक कार्यकर्ता कुजबुजला, "पोरी, तमाशा करू नकोस." मी आईचा हात धरून खाली उतरले.

लालबागपर्यंत चालत आलो. आई वाटभर एकच म्हणत होती, "माज्या लेकाचा नारळ टाकून आलीस."

घरात दादाचा फोटोही नव्हता. त्याच्या नावाने जवळ ठेवायला तिला तेवढंच मिळालं होतं, आणि मी ते परत केलं. अजून कुठे नारळ आपटला की मागोमाग तिचं ते वाक्य ऐकू येतं.

महाराष्ट्र झाला. पुन्हा सत्काराचं बोलावणं आलं. तोच कार्यकर्ता आमच्या दारात उभा.

मी विचारलं, "हातात देणार?"

तो हसला. "आता कशाला जुनं उगाळताय?"

"हातात देणार असाल तर येऊ. नाहीतर माझ्या भावाचं नाव तुमच्या यादीतून खोडा. तो कसा गेला ते आमचं आम्ही सांगू."

तो जिना उतरून गेला. आई चुलीपुढे बसली होती, माझ्याकडे पाठ करून. मरेपर्यंत तिने मला माफ केलं नाही. नाही तर नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरातला पदर कुणापुढे पसरला नाही, आणि मी आहे तोवर पसरू देणार नाही.