प्रतापगडची जत्रा आणि माझ्या नावाचं त्रिशूळ

माझ्या नावानं कुणी देवाला काही कबूल करावं, आणि तेही मला न विचारता, याचा मला अजून राग आहे. तरी गेले. का गेले ते शेवटपर्यंत नीट सांगता येईल असं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला. ज्या इस्पितळात आधी नर्स आणि पुढे मेट्रन म्हणून जन्म काढला, तिथल्याच खाटेवर पडले. विलायती कॅप्सूल मिळाल्या, ताप उतरला, सहा महिन्यांनी मी निवृत्त झाले. यात देवाचा संबंध कुठे येतो? पण माझ्या वॉर्डातली आया राधा हिनं त्या तापात प्रतापगडच्या महादेवाला सांगून ठेवलं होतं : सिस्टरबाई उठल्या तर त्यांना घेऊन येईन, त्रिशूळ वाहीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही. पुढे तीही काम सोडून आपल्या गावी, गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला गेली. दोन वर्षं तिची बोलावण्याची कार्डं मी कपाटात टाकली. यंदाच्या कार्डावर एकच ओळ होती : ‘पाय फुटले जी, आता चला.’

फुटलेल्या पायांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मी निघाले ते पायांसाठी, नवसासाठी नव्हे.

नागपूरहून सकाळची गाडी धरली तर दुपारी गोंदिया. स्टेशनाबाहेर सगळा कारभार हिंदीत. टांगेवाला म्हणाला, “मुर्री? बैठिए माताजी.” माताजी म्हटल्याबद्दल मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो घोड्याकडे पाहू लागला.

राधा अंगणात भात पाखडत होती. मी आधी तिचे पाय पाहिले. टाचांच्या भेगांत बोटाचं टोक जाईल.

“काऊन अशा पाहून राहिल्या जी?” ती म्हणाली. “आल्या ना तुमी, आता भरतीन.”

“व्हॅसलिननं भरतील,” मी म्हणाले. तिनं मुकाट्यानं लावून घेतलं, आणि लगेच अनवाणीच विहिरीवर गेली.

शिवरात्रीच्या पहाटे गोंदियाहून छोटी गाडी पकडली. कुणी जाणार असेल तर ऐका : खिडकीशी बसू नका, इंजिनातल्या कोळशाचे कण डोळ्यांत जातात. पाणी उकळून स्वतःचं न्या. गाडीत निम्म्या लोकांच्या खांद्यावर त्रिशूळं होती आणि एक माझ्या हॅटबॉक्सवर, टोपीच्या गोल पेटीवर, आदळलं. राधाचं त्रिशूळ हातभर, गावच्या लोहाराकडून करून घेतलेलं. अर्जुनीला उतरलो. पुढे बैलगाडी. भाडं आधी ठरवा आणि खाली भाताचं तणस भरपूर घालून घ्या, नाहीतर परतल्यावर आठवडाभर बसता येत नाही. वाटेत कापणी झालेली बांध्यांची शेतं, तळी, मग जंगल. पळस पेटलेला. तो मात्र सुंदर होता, त्याबद्दल तक्रार नाही.

राधाचा कडक उपास. मी गाडीत बिस्किटं काढली तेव्हा तिनं तोंड फिरवलं नाही, उलट पदरानं धूळ अडवली.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो आणि मला काही समजेनासं झालं. एका झाडावर लाउडस्पीकर बांधलेला, त्यातून सिनेमाचं गाणं, मध्येच हरवलेल्या म्हातारीचं नाव, मध्येच ‘हर हर महादेव’. एका सरकारी मांडवात जपानी पद्धतीच्या भातशेतीची चित्रं. चित्रांसमोर एक साधू ध्यानाला बसलेला, आणि त्याच्या अंगावरून वाकून शेतकरी रोपांमधलं अंतर मोजत होते. कुणालाच यात काही वावगं दिसत नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेची वेळ वेगळी आणि भूगोलाची वेगळी असे. इथे सगळे तास एकदम भरले होते.

वर जाणाऱ्या वाटेवर दोर बांधला होता. दोराशी तंबू. कॉलऱ्याची सुई टोचून घेतल्याची चिठ्ठी असेल तरच वर सोडत होते. मला बरं वाटलं. हे काम मी जन्मभर केलं.

राधा मात्र थबकली. “आज उपास आहे जी. सुई नाई चालत.”

“सुई काय पोटात जाते?”

“दवा तं अंगात जाते ना? उपासाले पाणी नाई घेतलं मी, अन् दवा कायले घेऊ?”

तिच्यासारख्या चाळीस-पन्नास बायका तिथे खोळंबल्या होत्या. काल टोचून घेतलं असतं तर प्रश्न नव्हता, पण काल त्या चालत होत्या. एक म्हातारी दोर धरून नुसती उभी होती. राधा त्रिशूळ मांडीवर घेऊन मातीत बसली. तीन वर्षं, आणि देव शंभर पावलांवर.

तिला रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तंबूत नजर गेली. चष्म्याचा कंपाउंडर एकच सुई कापसानं पुसून ओळीनं टोचत होता.

“ही उकळली कधी?” मी विचारलं.

“सकाळी.”

“आणि तुम्ही आंघोळ कधी केलीत? गेल्या शिवरात्रीला?”

त्यानं मान वर केली. माझा आवाज ओळखीचा वाटला असावा. मेट्रनचा आवाज सगळीकडे सारखाच असतो. पुढच्या पाच मिनिटांत स्टोव्ह पेटला, सुया पातेल्यात गेल्या, आणि मी बाह्या सरसावून त्याच्या खुर्चीवर होते. चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यानं आपणहून माझ्यापुढे सरकवला.

मी राधाला हाक मारली. ती आली, दंड पुढे केला.

“तुमी म्हनता तं टोचा,” ती म्हणाली. “देवाले मी सांगतो का सिस्टरबाईनं मोडला.”

तिच्या पायांवर तणसाचे तुकडे चिकटले होते. मी दंड स्पिरिटनं पुसला. सिरिंज भरली. सुई कातडीला नुसती टेकवली. आणि कापसावर पिचकारी मारून कापूस दाबून धरला. मग चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं. तोवर जन्मात मी एका तक्त्यावर खोटा आकडा लिहिलेला नव्हता.

राधा उठली आणि बायकांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, “या वो बायांनो. बाईच्या हातची सुई दुखतच नाई. उपासाले कळतही नाई का टोचली म्हनून.”

दोराशी उभी असलेली म्हातारी सगळ्यांत आधी आली. मग रांग लागली. त्यांना मी खरोखर टोचलं, एकूण एक. दुखलं असणारच. “दुखली का?” मागची विचारी. “नाई वो,” पुढची दंड चोळत सांगे. कंपाउंडर माझ्याकडे भक्तिभावानं पाहू लागला. मला त्या खुर्चीत बसवेना.

वर गर्दीत राधानं माझा हात धरून त्रिशुळावर ठेवला आणि त्रिशूळ ढिगात रोवलं. मी डोळे मिटले नाहीत. काय वाटलं ते विचारू नका. उतरताना ती त्याच डोंगरावरच्या एका दर्ग्याकडे वळली, ऊद घातला.

“इथे कशाला?” मी म्हणाले. “तुझा नवस महादेवाचा.”

“त्याच्या घरी आलो, अन् शेजाऱ्याले रामराम नाई कराव?”

मी पिशवीतून नव्या चपला काढल्या. तिनं त्या घातल्या आणि बदकासारखी चालू लागली. पायांना सवय उरली नव्हती.

नागपूरला परतले आणि झोप उडाली. त्या जत्रेत शेकडो लोक तळ्याचं पाणी पीत होते, आणि सुई न टोचलेली एकच बाई मी वर सोडली होती, ती माझी. आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली. नवव्या दिवशी मुर्रीच्या मास्तरांच्या अक्षरात कार्ड आलं :

‘पाय बरे आहेत. उपास सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी गोंदियाच्या दवाखान्यात जाऊन सुई घेतली. हात फार सुजला. तुमच्या हातची दुखली नव्हती.’

म्हणजे तिला तंबूतच कळलं होतं. आणि कळूनसुद्धा तिनं त्या बायकांना हाक मारली.

कोण कुणाला फसवून गेलं हे मी अजून ठरवते आहे. उपास तिनं मोडू दिला नाही, सुई चुकवली नाही, खोटं मात्र माझ्या हातून लिहिलं गेलं. तिला उत्तर पाठवलंय : दुसरी सुई महिन्याभरात घे, चुकवू नकोस, आणि चपला घाल. पुढच्या शिवरात्रीला मला बोलावू नकोस, असंही एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडून मग कार्ड टाकलं.