चहाला जुंपलेले दाजी

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं. अक्षरही बरं नाही. चहाला उकळी येईपर्यंत जेवढं होईल तेवढंच लिहायचं अशी सवय मला लावली गेली आहे, आणि एक डोळा पातेल्यावर असला की ओळी आपोआप उताराला लागतात. ही सवय लावणारा माणूस म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. जगात जेवढ्या म्हणून चांगल्या सवयी आहेत, त्या सगळ्या आमच्या दाजींना एकदा तरी होऊन गेल्या आहेत. इतरांना पडसं होतं तशी दाजींना सवय होते. अंगात चढते, घरादाराला हैराण करते आणि एका सकाळी काही न सांगता उतरून जाते.

दाजींचं शाहूपुरीत दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं काम. हात सोन्याचा, पण मोबाइलवर कुणीतरी आयुष्य सुधारायचं सांगू लागला की दाजी तार सोडून तिकडंच बघत बसतात. एकदा त्यांनी ऐकलं की मोठी माणसं पहाटे चारला उठतात, आणि गजर लांब ठेवला तर उठावंच लागतं. दाजी जे करतात ते पुरतं करतात. त्यांनी गजराचं घड्याळ घराच्या पाठीमागं गोठ्यात नेऊन टांगलं. पहाटे घड्याळ कोकलायला लागलं. दाजी उठले नाहीत, पण म्हैस उठली. चार दिवसांत तिला अशी सवय लागली की गजर व्हायच्या आधीच हंबरून ती आक्काला उठवू लागली. दाजींनी घड्याळ काढून आणलं तरी म्हैस काही चुकेना. आक्का अजून त्यांना ऐकवते, "मोठं व्हायचं हुतं तुमी, झाली म्हस."

मग प्रत्येक वस्तूला जागा पाहिजे, हे खूळ आलं. दुकानातल्या भिंतीवर पान्हे, पकडी, हातोड्या लावून त्यांच्या कडेनं दाजींनी रंगानं रेघा ओढल्या. कुठलं हत्यार जागेवर नाही ते रिकाम्या आकारावरून लगेच कळायचं. तिथं ते शोभलंही. पण उरलेला रंग घेऊन ते घरी आले. उलथनं, झारा, पोळपाट, काठवट, सगळ्यांची चित्रं भिंतीवर आणि ओट्यावर उमटली. उंबऱ्यापाशी चपलांची पावलं निघाली. पावणे आले की आधी आपल्या मापाची पावलं शोधत दारातच घुटमळायचे. आक्कानं डबा हिसकावून घेतला आणि म्हणाली, "आता खुर्चीत तुमचंबी चित्र काढतो. म्हंजे सांजच्याला जाग्याव परत याल."

एका वेळी एकच काम, हे त्यानंतरचं. बोलताना चालायचं नाही, चालताना बोलायचं नाही. कुणी "काय दाजी, बरं हाय का?" असं विचारलं की दाजी स्कूटर बाजूला घ्यायचे, बंद करायचे, स्टँडवर लावायचे आणि मग "बरं हाय" म्हणायचे. त्यातच आमच्या चुलतभावाच्या घरी मटणाचं जेवण झालं. दाजींनी आधी सगळा पांढरा रस्सा संपवला. मग सगळा तांबडा. मग कोरड्या भाकऱ्या. मटणाची पाळी आली तोवर पातेल्यात चमचा नुसता वाजत होता. कोल्हापुरात जन्मून असं कुणी जेवलं नसेल. दाजी हात धुताना मला हळूच म्हणाले, "शालन, ही सवय काय खरी न्हाय."

पण एक सवय खरी निघाली, आणि ती मोबाइलमधली नव्हती. दाजी मूळचे मुरगूडकडचे. त्यांच्या वडिलांकडं बैल असायचे. नवं खोंड औताला शिकवायचं तर ते कधी एकटं जुंपत नाहीत, शेजारी म्हातारा, मुरलेला बैल देतात. म्हातारा आपल्या चालीनं चालतो आणि खोंडाला त्याच्या मानेबरोबर मान वळवावी लागते. दाजींच्या डोक्यात आलं की सवयीचंही असंच असणार. नवी सवय म्हणजे खोंड. तिला एकटी सोडली की ती उधळणारच. "माझा म्हातारा बैल म्हंजे च्या," ते म्हणाले. "जलमात चुकला न्हाय. त्येच्या जोडीला काय बी जुंप, वढून नेतंय." आणि खरंच, सकाळच्या चहाला त्यांनी रक्तदाबाची गोळी जुंपली, ती चुकेना झाली. दुकानातल्या चहाला त्यांनी सगळ्यात जुनी पडलेली मोटार जुंपली. कप खाली ठेवला की तीच हातात घ्यायची. गिऱ्हाइकांची बोंब थांबली. मला म्हणाले, "तुला लिवायची हौस हाय न्हवं? च्याला जुंप." म्हणून मी लिहिते आहे.

संध्याकाळच्या चहाला काय जुंपलं, ते सांगायला मला थोडं अवघड वाटतं. पुराच्या वर्षी दाजींच्या दुकानात छपराला टेकेल एवढं पाणी आलं. लोकांच्या मोटारी चिखलानं भरल्या. मी उचगावात एकटी राहते, भाकरी-चपात्यांच्या ऑर्डरी घेते. स्वतःची पिठाची गिरणी घ्यायची म्हणून मी काही पैसे साठवले होते. दाजींनी मागितले नाहीत. दुकानात त्यांना जेवणाचा डबा घेऊन गेले, तेव्हा मी ते भाकरीखाली ठेवून दिले. दाजींनी भाकरी उचलली, बघितलं आणि भाकरी परत झाकली. मग म्हणाले, "शालन, हे मी बैलाला जुंपून फेडतो." माझी खोली त्यांच्या घराच्या वाटेवरच. रोज दुकान बंद करून जाताना ते माझ्या पायरीवर बसत, एक कप चहा पीत आणि उठताना एक नोट फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. मला मागावं लागलं नाही, त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्यासारखीला हे फार सोयीचं. मी शेजारी विरजण मागायला गेले तर दार उघडायच्या आत परत येते.

बरेच पैसे फिटत आले होते. गल्लीतली एक बाई लेकाकडं पुण्याला जाणार होती, तिची चांगली चालती गिरणी ती मला विकत देणार होती. म्हणाली, "पाडव्यापतूर थांबतो, म्होरं न्हाय." आणि नेमकं तेव्हाच मोबाइलनं दाजींना सांगितलं की सगळ्या वाईट सवयींचं मूळ चहा आहे.

दाजींनी चहा सोडला. बैल विकला, आणि मागची सगळी खोंडं चौखूर उधळली. गोळी राहू लागली. दुकानात मोटारींची रास लागली. आणि संध्याकाळी दाजी माझ्या दारावरून सरळ पुढं जाऊ लागले. तोंड चुकवून नव्हे हो! चांगलं हसून, हात करून. त्यांच्या मनातच काही उरलं नव्हतं. ते हात करत, मीही हात करे.

आक्का तणतणत आली. "त्येंला च्यक्कर आली दुकानाच्या पायरीव. आनि तुझं पैसं?"

"हायत की."

"कुठं हायत? त्येंच्या खिशात! माग की, तुझ्या घामाचं हाय."

"तूच सांग की, आक्का."

"मी बोलले तर भांडान हुतंय. तू बोललीस तर बोलनं हुईल."

मी भाकरी थापताना वाक्य पाठ केलं. 'दाजी, ते तेवढं राहिलंय.' एवढंच. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. स्कूटर थांबली. दाजी म्हणाले, "काय शालन, काय काम हुतं?"

मी म्हटलं, "न्हाय, वारं बघतोय."

दाजींनीही आभाळाकडं बघितलं. "हाय बरं वारं," म्हणाले आणि गेले.

पाडवा जवळ आला. एका संध्याकाळी मला उमजलं की आपण उगाच खोंडाला हाका मारतोय, बैल तर पातेल्यात आहे. मी शेगडी उचलून बाहेर पायरीवर आणली. आलं ठेचलं, गवती चहा टाकला, दूध जरा जास्तच घातलं आणि पदरानं वाफ रस्त्याकडं हाकत बसले. स्कूटर आली. हात झाला. स्कूटर पुढं गेली. मग तिचा आवाज बारीक झाला, आणि दाजी पायानं स्कूटर मागं रेटत रेटत दारापाशी आले.

"आलं घातलंस?"

"व्हय."

"मी सोडलाय."

"म्हाईत हाय. माझ्यापुरता ठेवलाय."

"एवढं पातेलंभर?"

मी कपात चहा ओतला. ते पायरीवर बसले. पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि कप रिकामा होता होता डावा हात आपला आपण खिशात गेला आणि नोट घेऊन बाहेर आला. दाजी त्या हाताकडं असे बघत राहिले, जणू तो शेजाऱ्याचा होता.

"अगं शालन!" ते एकदम ओरडले. "इसरलोच की गं मी! मागायचं न्हाई व्हय?"

"तुमी हात केला, मी बी केला."

दाजींनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून चहा परत सुरू झाला. त्याच्या मागून गोळी आली, मोटारी आल्या. डॉक्टरनं रक्तदाब बघून हसून परत पाठवलं. आक्का सगळ्यांना सांगत सुटली, "लोकांचं बीपी च्यानं चढतं, आमच्या ह्यांचं उतारलं." राहिलेल्या दिवसांचं काय, असं मी विचारलं नव्हतं. पण दाजी म्हणाले, नोटा एकदम दिल्या तर सवय मोडते, मागचे सगळे कप प्यायलाच पाहिजेत. एका रविवारी ते दुपारपासून माझ्या पायरीवर बसले. कप, नोट, कप, नोट. दूध संपलं, मी परत आणलं. कान लाल झाले तरी माणूस हटेना.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा कप उरला. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं. दाजी एरवी फुर्रकन पितात, त्या दिवशी घोटागणिक थांबत होते. म्हशीचं बोलले, दुकानाचं बोलले, वाऱ्याचंही बोलले.

"दाजी, निवला की च्या."

"निवू दे. कुठं जायचं हाय?"

मी कप परत घेतला, गरम करून आणून दिला. माझ्या ओठांवर आलं होतं की उद्या गिरणी आली तरी चहा होणारच आहे. पण मी बोलले नाही. दाजींनी शेवटचा घोट घेतला. डावा हात खिशात गेला. नोट डब्यात पडली. ते उठले, स्कूटरला किक मारली आणि वळणावरून हात केला. मीही केला.

पैसे पुरते फिटले होते.