बारी चौघांत सोडायची असते

वर्षाराणी आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीत सर्व्हर सांभाळायच्या कामाला लागली, तेव्हा ही पोरगी इथं टिकायची नाही असंच मला वाटलं होतं. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, हातात स्टीलचा डबा आणि जिभेला लगाम नाही. पहिल्याच दिवशी मॅनेजर आदिनाथ साहेबांना म्हणाली, "सर्व्हरच्या खोलीत फायलींचे गठ्ठे कशाला ठिवलेत? अडगळीची खोली हाय का ही?" साहेबांनी गठ्ठे हलवले, पण तो दिवस ते विसरले नाहीत.

माझं टेबल आवक-जावकचं, तिच्या काचेच्या खोलीसमोरच. त्यामुळं पुढं जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. लोक अजून उलटसुलट बोलतात, म्हणून लिहिते आहे.

ती वडवणीची. वडील रेवणसिद्ध अप्पांचं किराणा दुकान, थोडी जमीन आणि भावकीत सामाईक विहीर. बँकेत ती कंत्राटी. दर वर्षी नवं पत्र, दर वर्षी आदिनाथ साहेबांचं "पुढल्या साली कायम करू." यंदा मात्र तिच्या नावाचा ठराव संचालकांपुढं जाणार होता. घरी अप्पांनी कपिलधारला नवससुद्धा बोलून ठेवला होता.

आता यंत्राचं, म्हणजे त्या सर्व्हरचं, सांगते, मला ती जसं सांगायची तसंच. एकदा जेवताना मी विचारलं, "एवढं मोठं यंत्र, मग कधीकधी मंद कसं गं चालतं?"

"काकू, त्याच्यात प्रोसेसर भरपूर बसवलेले असतात. पण आपण कंपनीकडून जेवढ्याची परवानगी घेतली तेवढेच चालतात. बाकीचे झोपलेले. गरज पडली की परवानगी घ्यायची अन् उठवायचे."

"म्हणजे आपल्याच घरातलं कुलूपबंद कपाट."

"कपाट न्हाई. विहीर म्हणा. आमच्या विहिरीवर तिघांच्या मोटारी हायेत. पण मोटार हाय म्हणून पाणी मिळत न्हाई, बारी, म्हंजी पाण्याची पाळी, असंल तरच मिळतं. आन् मोटार उचलून दुसऱ्या विहिरीवर नेली, तर बारी काय मोटारीमागं चालत जात न्हाई. अप्पाला बारी दुसऱ्याला द्यायची झाली तर ते विहिरीवर चौघांना बोलवतात आन् तोंडानं सांगतात, माझी बारी सोडली. तवा दुसऱ्यानं घ्यायची. न सांगता घेतली की काठ्या निघत्यात."

यंत्राचंही तसंच. जुन्या यंत्रातला प्रोसेसरचा बोर्ड काढून नव्यात घालायचा, तर आधी जुन्यानं त्याच्या परवानग्या सोडायच्या, ते कंपनीला कळवायचं, मग कंपनी नव्या यंत्रासाठी संकेतांक पाठवते. हे मला, आवक-जावकच्या बाईला, एका भाकरीत समजलं.

आमचे अध्यक्ष विठ्ठलराव. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना समजलं नाही असं मी म्हणणार नाही. समजलं होतं, ऐकायचं नव्हतं. नव्या यंत्राचं उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरलं होतं, पत्रिका छापल्या होत्या. वर्षाराणी म्हणाली, संकेतांक यायला आठवडा तरी लागेल.

आबा हसले. "पोरी, यंत्र बी आपलं, बोर्ड बी आपला. या खोलीतलं सामान त्या खोलीत न्यायला कुणाच्या बापाची परवानगी?"

"मग आबा, तसं लिहून द्या."

आदिनाथ साहेब कडाडले, "आबांचा शब्द आहे! अजून काय लिहून पाहिजे? काढा तो बोर्ड."

तिनं काढला. कंत्राटी माणसानं आणखी काय करायचं?

बरं, जुनं यंत्र तरी जागेवर ठेवावं! उरलेल्या बोर्डावर ते चालू होत होतं, परवानग्या सोडता आल्या असत्या. पण आबांचं स्वतःचं कॉलेज आहे धारूरला. आरती झाली, फोटो झाले आणि जुनं यंत्र हार घालून टेम्पोत चढवून आबांनी तिकडं धाडून दिलं. बँकेच्या वस्तूची कॉलेजला देणगी, आणि फलकावर नाव आबांचं. कंकालेश्वराच्या देवळाच्या पायरीवर मी कुणाचं वाईट मागत नाही, पण त्या दिवशी जीभ आवरायला फार कष्ट पडले.

नवं यंत्र चाललं, कारण परवानगीवाचून चालायला कंपनीनं अडीअडचणीसाठी दिलेला थोडा वेळ त्याच्याकडं शिल्लक होता. तो रोज सरत होता. वर्षाराणी रोज सांगत होती, साहेब रोज "बघू" म्हणत होते. तो वेळ संपला. मग एका दुपारी लाईट गेली, जनरेटर वेळेवर लागला नाही, यंत्र बंद पडून पुन्हा चालू झालं आणि विनापरवानगीचे सगळे प्रोसेसर झोपी गेले. साऱ्या शाखा ठप्प.

काउंटरवर पाटी लागली, सर्व्हर डाऊन. पालीहून छबुबाई नावाची म्हातारी आली होती, लेकीला दवाखान्यात ठेवलेलं, तिच्या औषधासाठी पैसे काढायला. काल येऊन गेली होती, आज परत. "बाई, तुमचा सरवर कवा उठनार? माझ्या लेकीपरीस जास्त आजारी हाय का त्यो?" रांगेतले हसले. मला हसू आलं नाही. त्या यंत्राला काही झालेलं नव्हतं. एका माणसाच्या मिरवण्यापायी ते पडलं होतं, आणि ते सांगायला आमच्यातल्या एकाचीही जीभ उचलली नाही. माझीही नाही.

दुपारी आबा आले. हॉलमध्ये सगळा स्टाफ, बाहेर रांग. आबा मोठ्यानं म्हणाले, "या कंत्राटी पोरीनं न विचारता बोर्ड उपसला आन् बँक बसवली!"

आदिनाथ साहेब खाली बघत राहिले. पुण्याच्या इंजिनिअरला फोन गेला, तो दोन दिवसांशिवाय निघायला तयार नव्हता. मग आबांनीच आवाज बदलला. "वर्षाराणी, गाडी देतो. धारूरला जा आन् काय सोडायचं ते सोडून ये."

ती खुर्चीवरून उठली. "जाते. पण आधी तुमी सांगा, बोर्ड कुणाच्या हुकमानं निघाला."

"आता हे बोलायची वेळ हाय का?"

"बारी चौघांत सोडायची असती आबा. कोपऱ्यात न्हाई."

"उद्यापासून येऊ नको मग!"

"मग आजच कशाला थांबू?" तिनं डबा उचलला.

रांगेतून छबुबाई ओरडली, "आरं सांग की बाबा! बोलाया काय पैसं पडत्यात का?"

आबांनी रुमाल काढला, तोंड पुसलं. "मी सांगितलं होतं," एवढंच पुटपुटले.

"मागं ऐकू आलं न्हाई," वर्षाराणी म्हणाली.

"मी सांगितलं होतं, बोर्ड काढ म्हणून! झालं?"

"झालं," म्हणाली, आणि निघाली.

सोबत म्हणून मला पाठवलं. कॉलेजच्या स्टेजवर ते यंत्र कुंकू लावून, सुकलेल्या हारासकट बसवलेलं. तिनं हार काढला, टाकला नाही, खुर्चीवर नीट ठेवला, यंत्राच्या पाया पडली आणि वायर जोडली. पडद्यावर अक्षरं धावली. परवानग्या सुटल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "बारी सोडली." मी एकटीच ऐकायला होते. कंपनीला कळवलं; बँकच बंद म्हटल्यावर त्यांनी आठवडा न लावता संध्याकाळीच संकेतांक पाठवला आणि शाखा सुरू झाल्या. छबुबाई तेव्हा निघून गेली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली.

पुढं संचालकांच्या बैठकीत आदिनाथ साहेबांनी तिचं कंत्राट थांबवायचा विषय काढला, तिच्या चुकीमुळं म्हणे. तेव्हा एक म्हातारे संचालक म्हणाले, "आबानं हॉलमधी काय कबूल केलं ते माझ्या सुनंनं रांगेत उभं राहून ऐकलंय." विषय तिथंच मिटला. कंत्राट वाढलं. कायमचा ठराव मात्र "पुढील बैठकीत विचार".

मी तिच्यावरच चिडले. "बँक अडलेली होती, त्याच वेळी कायमचं पत्र मागायचं होतंस! दिलं असतं आबांनी झक मारत."

"काकू, म्हातारी रांगेत हुबी असताना? शेजाऱ्याचं रान वाळतंय बघून त्याचीच बारी दाबून घेणाऱ्याला आमच्यात काय म्हणत्यात, ठाव हाय का?" भाकरी मोडत म्हणाली, "मला माझं नाव परत पायजे होतं. ते घेतलं."

मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. अप्पांचा नवस तसाच राहिलाय आणि धारूरच्या फलकावर नाव आबांचंच आहे.