मनगटावर दोनदा

सुरत स्टेशनवर आबांनी, माझ्या वडिलांनी, बॅग डब्यात चढवली आणि मी त्यांचं मनगट दोनदा दाबलं. ही खात्यातली, म्हणजे लूमच्या कारखान्यातली खूण. लूमच्या खटखटाटात ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून शेजारच्याचं मनगट दोनदा दाबायचं: माझं मशीन बघ, मी येतो. आबा लूम चालवायचे, आई त्याच खात्यात बॉबिन भरायची. सुरतेतल्या आमच्या डिंडोली वस्तीतल्या खोलीतसुद्धा दोघं असंच बोलायची. मी अमेरिकेला निघाले होते आणि हातानं सांगत होते, येते. थाप मारली म्हणा.

डिंडोलीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या सटकलेल्यांनो, मी तिकडे काय करते ते तुम्हाला धड कधी सांगितलंच नाही. भूल देणं हे माझं शिक्षण. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांचा आयसीयू ही माझी नोकरी, आणि तिथं मी प्रोफेसर. बेशुद्ध माणूस कितपत शुद्धीत आहे हे कसं ओळखायचं, ते पोरांना शिकवते. हाक मारा, चिमटा काढा, हात दाबायला सांगा. "मनी पोर बेसुद माणूसनं मन वाचस," आबा भाऊबंदांत सांगायचे. मोठ्यानं सांगायचे, कारण लूमपायी त्यांचे कान कधीच गेले होते.

मग आबांच्याच मेंदूत रक्तस्राव झाला. दादानं सुरतच्या आयसीयूतून व्हिडिओ कॉल लावला. माझ्या सांगण्यावरून तिथल्या डॉक्टरनं हाक मारली, "काका, आंख खोलो. मेरा हाथ दबाओ." काही नाही. पुन्हा हाक. काही नाही. आई मध्येच म्हणाली, "बेटा, आबा बोली ऱ्हायनात. मनं मनगट दाबं, दोनदाव."

मी तिला समजावलं. आई, तो रिफ्लेक्स असतो, मूठ आपोआप वळते. मी हेच शिकवते गं, असंही वर ऐकवलं. शिकलेल्या लेकीपुढं ती नेहमीच माघार घ्यायची. दादाला म्हटलं, उगाच उपचार ओढू नका, घरी न्या.

विमानात बसल्यावर डोक्यात उजेड पडला. बहिऱ्या माणसाला मी हाका मारायला लावल्या होत्या. आणि तो रिफ्लेक्स तळहातात बोट ठेवल्यावर येतो. आईनं मनगट सांगितलं होतं, तेही दोनदा. मी नीट ऐकलं होतं, फक्त तिला काही कळत असेल असं धरलंच नव्हतं. मुंबईला उतरून फोन लावला, तोवर आबा गेले होते.

स्कॅन वाईटच होता. कदाचित वाचले नसते. पण जिवंत माणूस बायकोशी बोलत होता आणि मी त्याला रिफ्लेक्स ठरवून घरी पाठवलं. माझ्या पदव्यांची मला शिसारी येते. आता पोरांना सांगते, आधी घरच्या बाईला विचारा. पोरं ते माझं शहाणपण समजून लिहून घेतात.

आई डिंडोली सोडत नाही. मी गेले की कळण्याची भाकरी करते, भरीत वाढते, त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाही. घर म्हणून मला आता एवढंच उरलंय. गेल्या खेपेला निघताना तिचं मनगट धरायला गेले, तर तिनं हात पदराखाली घेतला. आमच्यात निघणाऱ्याला 'जा' कुणी म्हणत नाही, 'ये' म्हणतात.

"जाय," आई म्हणाली.