मैनाच्या लग्नातले धवले

बायजाबाई धवलारीण होती. आमच्या पेणच्या खाडीकाठच्या आगरी गावांत पूर्वी लग्न लावायची ती धवलारीणच. ती धवले गात देवांना मांडवात बोलवायची, हळद लावायची आणि प्रत्येक धवल्यात नवरानवरीचं नाव गुंफायची. नाव घेतल्याशिवाय ते लग्न त्या दोघांचं होत नाही, असं तिचं म्हणणं. मिठागरात राबून अंग झिजलं होतं, पण गळा खणखणीत, आणि जीभही. धवला चालू असताना कुणी मध्ये बोललं की त्याची सात पिढ्यांसकट खरडपट्टी निघायची. मी तिच्या शेजारचाच, मीही तिची बोलणी पोटभर खाल्ली आहेत.

मग बेंजो आला, डीजे आला, आणि धवलारणीला कुणी विचारेना. ती कुणाच्या दारात गेली नाही. तिला एकच आस होती, मैनाच्या लग्नात गायची. ही तिची बिनआईची नात, तिनेच वाढवलेली.

मैनाचं रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात, हिरामणशेठच्या मुलाशी ठरलं. हिरामणशेठ आगरी अस्मितेचे मोठे कैवारी. 'आपली संस्कृती' हे दोन शब्द उच्चारले की त्यांचे डोळे भरून यायचे, मग समोर माईक असो वा नसो. पेणच्या महोत्सवात त्यांनी आगरी लग्नाचा देखावा ठरवला आणि बायजाबाईला निरोप धाडला.

"खोट्या लग्नाला देव कसं बोलवू रं?" ती मला म्हणाली. रात्रभर तळमळली आणि सकाळी तयार झाली. "सोयरा हाय. आज त्याचं मन राखलं, तर मैनाचे लग्नाला तो मला नाय म्हणायचा नाय."

देखाव्यात नवरी झाली होती शकू आणि नवरा दिनानाथ, दोघंही कॉलेजातली. बिननावाचा धवला बायजाबाईला ठाऊकच नव्हता, म्हणून तिने त्यांचीच नावं गुंफली. काय गायली! मैदान दणाणलं. हिरामणशेठनी स्टेजवर तिचे पाय धरले.

लग्न अष्टमीच्या हॉलात होतं. बायजाबाई नवं लुगडं नेसून, घसा शेकून आली होती. मैनाला पाटावर बसवताच ती पुढे झाली, तर हिरामणशेठ प्रेमानं आडवे आले.

"आये, तू बस गो निवांत. तुझं धवलं आम्ही डीजेवर घेतलंय!"

खालून ठेका आणि वर तिचाच आवाज, महोत्सवातला. सगळे नाचायला लागले. लोक म्हातारीबरोबर फोटो काढू लागले, "आजी, तुझा आवाज वाजतोय!" म्हणून सांगू लागले. आणि तो आवाज शकूला हळद लावत होता, दिनानाथच्या डोक्याला बाशिंग बांधत होता. कुणाच्या कानावर ते गेलंच नाही. मी डीजेवाल्याकडे धावलो. तो म्हणाला, "शेठना इचार." शेठ नाचत होते.

बायजाबाई गर्दीतून वाट काढत मैनापाशी गेली. तिच्या गालावर हात ठेवला आणि गायला लागली. मी शेजारीच होतो, तरी मला नुसते ओठ हलताना दिसत होते. मला रडू आवरेना.

मैनाने कान तिच्या तोंडाशी नेला. "आजी, माझं नाव घेतलंस? नाय ऐकू आलं गो."

बायजाबाईने छातीशी हात धरून आवाज चढवला. मैनाने पुन्हा नाही म्हणून मान हलवली.